इओसिनोफिल वाढलेत? आधी कारण विचारा

हिमोग्रामचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेकांची नजर आधी हिमोग्लोबिनवर जाते, मग प्लेटलेटवर. पांढऱ्या पेशींच्या ओळी वाचायच्या राहूनच जातात. त्यांतली इओसिनोफिलची ओळ जाड ठशात छापलेली असली, शेजारी वर जाणारा बाण असला, तर मात्र घरात चर्चा सुरू होते. ‘इस्नोफिलिया झालाय’ असं कुणीतरी ठरवून टाकतं, शेजारच्या काकू त्यांच्या नातवाला कोणत्या गोळीने गुण आला ते सांगतात आणि संध्याकाळपर्यंत मेडिकलमधून ॲलर्जीच्या गोळ्यांची स्ट्रिप घरात येते. शिंका थांबतात, अंगावरची खाज कमी होते, रिपोर्ट फाइलमध्ये जातो आणि विषय संपतो.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, असे रिपोर्ट सही करून रोज बाहेर पाठवते. त्या सहीच्या जबाबदारीने एक विनंती करते. इओसिनोफिल वाढणं हा स्वतंत्र आजार समजू नका आणि तो आकडा खाली आणणं हा उपचार समजू नका. आकडा कशामुळे वाढला, हे डॉक्टरांना विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आपल्याकडे त्या उत्तरात ॲलर्जी आणि दमा येतात, तसेच जंतही येतात. ॲलर्जीची गोळी सगळ्यांना आठवते, जंत मात्र कुणाच्या लक्षात येत नाहीत.

या पेशी दिसतात कशा, ते आधी सांगते. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून वाळवतात आणि त्यावर लिशमनचा रंग घालतात. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींच्या गर्दीत मधूनमधून पांढऱ्या पेशी दिसतात. त्यांतल्या शंभरातल्या साठ-सत्तर न्यूट्रोफिल असतात, बऱ्याच लिम्फोसाइट आणि अगदी थोड्या, एक ते सहा, इओसिनोफिल. त्या ओळखायला शिकाऊ मुलांनाही वेळ लागत नाही. केंद्रकाचे दोन गोल भाग असतात आणि बाकी सगळी पेशी शेंदरी रंगाच्या ठसठशीत कणांनी गच्च भरलेली असते. इओसिन या रंगद्रव्यात हे कण चटकन रंगतात, हे पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ साली दाखवलं. ज्या पट्टीवर एका नजरेत अशा तीन-चार पेशी दिसतात, तिथे माझा हात आपोआप थांबतो. पुढच्या शंभर पेशी मी स्वतः मोजते आणि रुग्णाचं वय, गाव नि काम काय ते फॉर्मवर शोधते. फॉर्मवर हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं.

त्या शेंदरी कणांत विषारी प्रथिनं भरलेली असतात. जिवाणू लहान असतो, न्यूट्रोफिल त्याला गिळून टाकते. जंताला गिळता येत नाही. अंकुशकृमीची अळी, जी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते, ती अर्ध्या मिलिमीटरहून थोडी मोठी असते. तुम्हा-आम्हाला ती डोळ्यांनी जेमतेम दिसेल, पण पांढऱ्या पेशीच्या मानाने ती अजस्र आहे. चाळीस-पन्नास पेशी एका रांगेत ठेवल्या तर तिच्या लांबीएवढ्या होतील. म्हणून शरीराने तिच्यासाठी वेगळी तऱ्हा काढली आहे. आतड्यात, कातडीत किंवा फुप्फुसात जंताची चाहूल लागली की टी-पेशींचा एक गट कामाला लागतो. त्यांनी सोडलेल्या इंटरल्युकिन-५ या रसायनामुळे अस्थिमज्जेत इओसिनोफिल भराभर तयार होऊ लागतात. दुसरीकडे आयजीई नावाची प्रतिपिंडं वाढतात. प्रतिपिंडं अळीच्या अंगाला चिकटतात, त्यांच्या आधाराने इओसिनोफिल तिच्यावर चढतात, गांडुळाला मुंग्या लागाव्यात तशा, आणि आपल्या कणांतली प्रथिनं तिच्या कातडीवर ओततात. ती कातडी जागोजागी फाटते. सिस्टोसोमा या रक्तातल्या कृमीच्या कोवळ्या अळ्या इओसिनोफिल अशा मारू शकतात, हे प्रयोगशाळेत १९७५ साली स्पष्ट झालं.

सिस्टोसोमा हा आफ्रिकेतला आजार म्हणून शिकवतात, पण आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण सापडले आणि १९५२ साली गाडगीळ व शहा या डॉक्टरांनी त्याची नोंद केली. कोकणातल्या पाण्यातही असा कृमी निघू शकतो, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिलं.

एक इओसिनोफिल रक्तात दिसते तेव्हा तिच्या शंभराहून अधिक पट पेशी शरीराच्या ऊतींमध्ये, विशेषतः आतड्याच्या अस्तरात, असतात. रक्तातून त्या फक्त जाता जाता दिसतात, काही तासांत पुढे निघून जातात. त्यामुळे रिपोर्टमधला आकडा म्हणजे आत चाललेल्या हालचालीचा एक छोटा भाग असतो. आणि सगळं श्रेय या पेशींना देणंही बरोबर नाही. आतड्यातला चिकट स्राव वाढतो, आतड्याची हालचाल जोरात होते, मास्ट पेशी मदतीला येतात. जंत बाहेर ढकलण्याचं बरंचसं काम या सगळ्यांचं असतं. उंदरांवरच्या काही प्रयोगांत तर इओसिनोफिल नसतानाही जंत बाहेर पडले. शरीराची ही व्यवस्था गुंतागुंतीची आहे आणि अजून पूर्ण उलगडलेली नाही.

एवढी व्यवस्था असूनही जंत टिकतात. मोठा झालेला जंत आतड्याच्या पोकळीत राहतो, तिथे या पेशी फारशा पोचत नाहीत. शिवाय तो स्वतः अशी द्रव्यं सोडतो की प्रतिकार थंडावतो. म्हणून कांजिण्या एकदा झाल्या की सहसा पुन्हा होत नाहीत, तसं जंतांचं नाही. या पावसाळ्यात झाले, औषधाने पडले, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा होऊ शकतात. अंगची प्रतिकारशक्ती बघून घेईल, या भरवशावर कुणी राहू नये.

आता रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगते, कारण टक्केवारीने फार गोंधळ होतो. एकूण पांढऱ्या पेशींच्या आकड्याला इओसिनोफिलच्या टक्क्यांनी गुणा आणि शंभराने भागा. एकूण पेशी ४,००० आणि इओसिनोफिल १० टक्के असतील तर उत्तर ४०० येतं. हे ठीक आहे, १० टक्के दिसले तरीही. एकूण पेशी १२,००० आणि इओसिनोफिल ७ टक्के, तर उत्तर ८४०. हे वाढलेलं आहे. साधारण ५०० ही वरची मर्यादा धरतात. आकडा १,५०० च्या वर गेला आणि पुन्हा तपासल्यावरही तिथेच राहिला, तर टाळाटाळ नको, चांगल्या फिजिशियनकडे जा. इओसिनोफिलच्या कणांतल्या विषारी प्रथिनांना जंत आणि आपलं शरीर यांतला भेद कळत नाही. फार काळ फार पेशी राहिल्या तर हृदयालाही इजा होऊ शकते. नवी औषधं सुरू केल्यावर अंगावर पुरळ, ताप आणि जोडीला इओसिनोफिल वाढलेले, असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ती औषधाची गंभीर ॲलर्जी असू शकते.

डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टबरोबर थोडी माहितीही न्या, ती न विचारता सांगा. शेतात, विशेषतः भातलावणीला, अनवाणी उतरता का? पायाच्या बोटांमध्ये खाज सुटून बारीक पुरळ आलं होतं का? पावसाळ्यातली सगळी खाज चिखल्यांची नसते. अंकुशकृमीची अळी जिथून शिरते तिथेही अशीच खाज येते. गावात सगळे संडास वापरतात का? घरात कुत्र्याचं पिल्लू आहे का, त्याला जंताचं औषध दिलंय का? कुत्र्याच्या जंताची अंडी मातीतून मुलाच्या पोटात गेली तर त्यांतल्या अळ्या शरीरभर भटकतात, इओसिनोफिल खूप वाढवतात, पण माणसात त्या कधी मोठ्या होत नाहीत. त्यामुळे मुलाच्या शौचात काहीच सापडत नाही.

शौचाच्या तपासणीबद्दल लोकांचा हाच गैरसमज मला सर्वांत जास्त भेटतो. ‘संडासची तपासणी नॉर्मल आली, म्हणजे जंत नाहीत.’ तसं म्हणता येत नाही. मोठ्या गोल जंताचं, म्हणजे ॲस्कॅरिसचं, अंडं पोटात गेलं की त्यातली अळी आतड्याची भिंत भेदून यकृतात, तिथून फुप्फुसात जाते, श्वासनलिकेतून वर येते आणि पुन्हा गिळली जाऊन आतड्यात येते. एवढा प्रवास करून तिची मादी होऊन अंडी घालायला दोन-तीन महिने लागतात. इओसिनोफिल सर्वांत जास्त वाढतात ते या प्रवासात. त्याच काळात मुलाला खोकला येतो, छातीत शिटी वाजते, आणि शौचात अंड्याचा पत्ताही नसतो. पुढे जंत आतड्यात स्थिरावला, दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालू लागला, की रक्तातला आकडा उतरतो. म्हणजे आकडा वाढलेला असताना शौच स्वच्छ आणि शौचात अंडी असताना आकडा नॉर्मल, असं दोन्ही होऊ शकतं. म्हणून नमुना तीन वेगवेगळ्या दिवशी द्या, आणि शक्य तितका ताजा द्या. गुदद्वाराशी रात्री खाज आणणारे बारीक दोऱ्यासारखे जंत इओसिनोफिल फारसे वाढवतच नाहीत. अमीबा, जिआर्डिया, मलेरिया यांनीही हा आकडा सहसा वाढत नाही, कारण ते एकपेशीय जीव आहेत.

रात्रीच्या खोकल्याबद्दल वेगळं सांगायला हवं. १९४० साली फ्रिमॉट-मोलर आणि बार्टन या डॉक्टरांनी आंध्रातल्या मदनपल्लेजवळच्या क्षयरोग सॅनेटोरियममधल्या काही रुग्णांबद्दल लिहिलं. खोकला, ताप, वजन घटलेलं, एक्स-रेमध्ये डाग. सगळं क्षयासारखं, पण थुंकीत जंतू नाहीत आणि रक्तात इओसिनोफिल प्रचंड. हा हत्तीरोगाच्या कृमीमुळे होणारा फुप्फुसाचा आजार आहे, हे पुढे कळलं. डासाने सोडलेल्या कृमीची पिल्लं काही लोकांच्या रक्तात सुखाने फिरतात. या रुग्णांत मात्र शरीर त्यांना फुप्फुसातच अडवून मारतं, इतक्या त्वेषाने की फुप्फुसालाच इजा होते. खोकला आणि दम रात्री वाढतो. इओसिनोफिलचा आकडा बहुधा ३,००० च्या पुढे असतो. पायाला सूज नसते, रात्री घेतलेल्या रक्तातही कृमी सापडत नाहीत, म्हणून हत्तीरोगाचा संशयच येत नाही आणि माणूस वर्षानुवर्षं दम्याचा पंप ओढत राहतो. डीईसी या औषधाचा पूर्ण कोर्स घेतला तर बहुतेकांना लवकर आराम पडतो. उशीर झाला तर फुप्फुसं कडक होत जातात आणि मग औषधाने ती पहिल्यासारखी होत नाहीत. तुम्ही गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या भागांतले असाल, किंवा तिथून कामासाठी पुण्या-मुंबईला आला असाल, आणि रात्री दम लागत असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. शहरातल्या डॉक्टरांना तुमचं मूळ गाव तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते. स्टिरॉइड.

डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन या गोळ्या घेतल्या की काही तासांत रक्तातले इओसिनोफिल उतरतात. दमही कमी होतो, सांधे मोकळे होतात, भूक लागते. माणसाला वाटतं, औषध लागू पडलं. सांधेदुखीवर, दम्यावर बिनलेबलाच्या पुड्या देणारे लोक गावोगावी बसतात आणि अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. आता पोटात स्ट्राँगिलॉइडिस नावाचा कृमी असेल तर काय होतं ते ऐका. याची मादी जेमतेम दोन मिलिमीटरची, आतड्याच्या अस्तरात दडून राहते. बाकीच्या बहुतेक जंतांची अंडी बाहेर मातीत पडावी लागतात, तिथे ती वाढतात. याच्या अळ्या मात्र बाहेर न पडताच त्याच माणसाच्या आतड्याची भिंत भेदून पुन्हा आत शिरतात. त्यामुळे हा कृमी एकदा आला की मुक्काम उठवत नाही. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेवर राबवलेल्या युद्धकैद्यांच्या पोटात तो युद्धानंतर तीस-चाळीस वर्षांनीही सापडला. एवढी वर्षं शरीराची पहारेदारी त्याला मर्यादेत ठेवते. स्टिरॉइडने ती पहारेदारी उठते. अळ्या हजारोंनी वाढून फुप्फुसात, मेंदूत शिरतात, आतड्यातले जिवाणू सोबत घेऊन जातात, आणि रुग्ण दगावू शकतो. त्या वेळी रिपोर्टमध्ये इओसिनोफिल पुष्कळदा नॉर्मल किंवा कमी दिसतात. म्हणजे ज्या आकड्याने सावध करायचं, तोच आपण औषधाने गप्प केलेला असतो. कोविडच्या काळात डेक्सामेथासोन सर्रास द्यावं लागलं, तेव्हा जगभरच्या तज्ज्ञांनी या कृमीची आठवण करून दिली होती.

याचा अर्थ स्टिरॉइड वाईट असा घेऊ नका. दम्याचा झटका, किडनीचा विकार, ल्युपस यांत ते प्राण वाचवतं, आणि डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड मधेच स्वतःहून बंद करणं धोक्याचं आहे. मी एवढंच मागते: महिनोन् महिने स्टिरॉइड सुरू होणार असेल आणि तुम्ही मातीत अनवाणी काम केलेलं असेल, तर ‘आधी जंतांची तपासणी करायची का?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारा. या कृमीवर आयव्हरमेक्टिन चालतं. शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची एक गोळी त्याला पुरत नाही. तीव्र दम्यासाठी हल्ली मेपोलिझुमॅब, बेनरालिझुमॅब अशी इंजेक्शनं निघाली आहेत, ती इओसिनोफिलच कमी करतात. ती सुरू करण्याआधीही जंत असतील तर ते काढून टाकायचे असतात. आणि बिनलेबलाची पुडी घरात असेल तर ती डॉक्टरांना दाखवा. रागावतील म्हणून लपवू नका. ती बरेच दिवस घेत असाल तर एकदम थांबवण्याआधीही त्यांना विचारा.

मुलांच्या आयांना थोडं. गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत आणि झोपेत दात खाणं ही जंतांची खूण नाही. जंत होतात ते मातीतून, न धुतलेल्या हातांतून, कच्च्या भाजीतून, उघड्यावरच्या शौचातून. बाळाला वावडिंगाचं पाणी देण्याची आपल्याकडची रीत आहे; तिच्यावर विसंबून गोळी चुकवू नका. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो. १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना शाळेत, अंगणवाडीत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी देतात. १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून. मोठ्या मुलाने ती चावून खायची असते. त्या दिवशी मूल आजारी असेल तर गोळी नंतरच्या दिवशी मिळते, सेविकेला विचारा. ज्याच्या पोटात जंत जास्त, त्याला गोळीनंतर थोडं मळमळतं, पोट दुखतं, ते लवकर थांबतं. ‘माझ्या मुलाला जंत नाहीत’ म्हणून गोळी परत करू नका. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पितो. बाहेर काही दिसत नाही, मूल फक्त फिकट होत जातं आणि वर्गात पेंगतं. ज्या मुलाला फिट येते त्याला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी देऊ नका. मेंदूत पट्टकृमीची गाठ असेल तर औषधाने तिच्याभोवती सूज येऊन फिट वाढू शकते. गरोदर बाईनेही विचारूनच घ्यावी.

हत्तीरोगाच्या मोहिमेत आशाताई दारात येतात तेव्हा गोळ्या डब्यात ठेवून देऊ नका, त्यांच्यासमोर, काही खाल्ल्यावर गिळा. गोळ्यांनंतर कुणाला ताप येतो, डोकं दुखतं, अंग मोडून येतं, आणि गावात बातमी पसरते की गोळ्या बाधल्या. बहुतेक वेळा तो त्रास त्यालाच होतो ज्याच्या रक्तात कृमीची पिल्लं असतात. ती औषधाने मरतात, मेलेल्या कृमींवर पांढऱ्या पेशी धावून जातात आणि त्या धावपळीचा ताप येतो. तो एक-दोन दिवसांत उतरतो. जास्त त्रास वाटला तर आरोग्य केंद्रात जा, पण उरलेल्या घराने गोळ्या नाकारू नयेत.

औषध घेतल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा हिमोग्राम करायची घाई नको. जंत मरताना इओसिनोफिल काही दिवस आधीपेक्षाही वाढू शकतात, आणि तो आकडा बघून लोक औषध लागू पडलं नाही असं समजतात. पुढची तपासणी कधी करायची ते डॉक्टर सांगतील, साधारण काही आठवड्यांनी. तेव्हा शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, जुना रिपोर्ट सोबत न्या, आणि फॉर्मवर तुमचं गाव, काम आणि चालू असलेली सगळी औषधं लिहायला लावा.